फेडरल न्यायाधीश म्हणजे कोण? अलाबामाच्या फ्रँक जॉन्सन यांच्या कारकिर्दीतून घेतलेला शोध

आपल्याकडची न्यायव्यवस्था एकाच उतरंडीची आहे. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात सुरू झालेला दावा जिल्हा न्यायालय आणि उच्च न्यायालय अशा पायऱ्या चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊ शकतो, आणि कायदा विधानसभेने केलेला असो की संसदेने, त्याचा अर्थ लावणारी न्यायालये तीच असतात. अमेरिकेत तसे नाही. तेथील प्रत्येक राज्याची स्वतःची, थेट स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाणारी, न्यायव्यवस्था आहे आणि तिच्या शेजारी, पुष्कळदा त्याच शहरात, संघराज्याची म्हणजे फेडरल न्यायव्यवस्था स्वतंत्रपणे उभी आहे. खून, चोरी, घटस्फोट, वारसाहक्क हे बहुतांशी राज्याच्या न्यायालयांचे विषय. तर राज्यघटनेतील हक्कांचा भंग, वॉशिंग्टनच्या काँग्रेसने म्हणजे तेथील संसदेने केलेले कायदे आणि वेगवेगळ्या राज्यांतील नागरिकांमधले मोठ्या रकमेचे तंटे फेडरल न्यायालयात जातात. या फेडरल बाजूला तळाशी 94 जिल्हा न्यायालये, त्यांच्यावर 13 अपील न्यायालये आणि शिखरावर वॉशिंग्टनचे सर्वोच्च न्यायालय अशी तीन स्तरांची मांडणी आहे.

दोन्ही बाजूंच्या न्यायाधीशांच्या नेमणुकीतला फरक याहून महत्त्वाचा आहे. अनेक राज्यांत न्यायाधीश निवडणूक लढवून येतात. अलाबामात तर ते पक्षाच्या चिन्हावर लढतात. फेडरल न्यायाधीशाची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात आणि सिनेट, म्हणजे संसदेचे वरिष्ठ सभागृह, तिला मंजुरी देते. त्यासाठी परीक्षा नाही, ठरावीक सेवाज्येष्ठता नाही आणि निवृत्तीचे वयही नाही. आपल्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती 62 व्या आणि सर्वोच्च न्यायालयाचे 65 व्या वर्षी निवृत्त होतात. अमेरिकेतील फेडरल न्यायाधीश मात्र, घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार, सद्वर्तन असेपर्यंत म्हणजे व्यवहारात तहहयात पदावर राहू शकतो आणि तो पदावर असेपर्यंत त्याचा पगार कमी करता येत नाही. त्याला काढायचे तर प्रतिनिधिगृहाने महाभियोग मंजूर करावा लागतो आणि सिनेटने दोन तृतीयांश बहुमताने त्याला दोषी ठरवावे लागते. सव्वादोनशेहून अधिक वर्षांत असे पदच्युत झालेले न्यायाधीश केवळ आठ आहेत.

इतके संरक्षण कशासाठी, याचे उत्तर तत्त्वाच्या भाषेत देणे सोपे आहे, परंतु ते एखाद्या माणसाच्या आयुष्यात पाहिल्याशिवाय नीट उमगत नाही. त्यासाठी फ्रँक जॉन्सन यांच्याइतके बोलके उदाहरण मला दुसरे दिसत नाही. ते 1955 ते 1979 या काळात अलाबामा राज्याची राजधानी माँटगोमेरी येथे फेडरल जिल्हा न्यायाधीश होते, म्हणजे फेडरल व्यवस्थेच्या सर्वांत खालच्या पायरीवर. तरीही त्या राज्यातील बसगाड्या, मतदारयाद्या, शाळा, विधिमंडळाचे मतदारसंघ, मनोरुग्णालये आणि तुरुंग यांपैकी काहीही त्यांच्या निकालानंतर पूर्वीसारखे राहिले नाही.

जॉन्सन यांचा जन्म 1918 साली उत्तर अलाबामातील विन्स्टन काउंटी या डोंगराळ भागात झाला. हा तपशील केवळ चरित्रापुरता नाही. मोठे मळे आणि गुलाम यांवर उभी असलेली श्रीमंती या भागात कधी नव्हती, आणि 1861 साली अलाबामाने संघराज्यातून फुटण्याचा निर्णय घेतला तेव्हा विन्स्टनच्या प्रतिनिधीने त्या ठरावावर सही करण्यास नकार दिला होता. उरलेले राज्य पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅटिक पक्षाला मत देत असताना हा भाग लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाला धरून राहिला. जॉन्सन यांचे वडीलही रिपब्लिकन राजकारणातले होते. अलाबामा विद्यापीठातून कायद्याची पदवी, दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या लढाईत जखमी होणे आणि नंतर जॅस्पर या गावी वकिली असा त्यांचा पुढचा प्रवास झाला. विद्यापीठात जॉर्ज वॉलेस नावाचा एक उत्साही, महत्त्वाकांक्षी विद्यार्थी त्यांच्या परिचयाचा होता. या नावाकडे आपल्याला पुन्हा यावे लागेल.

फेडरल न्यायाधीश होण्याचा मार्ग बहुधा राजकारणाच्या अंगणातून जातो, आणि जॉन्सनही त्याला अपवाद नव्हते. 1952 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांनी आयझेनहॉवर यांच्यासाठी माजी सैनिकांमध्ये प्रचार केला. आयझेनहॉवर निवडून आल्यावर त्यांना उत्तर अलाबामाचे फेडरल सरकारी वकील नेमण्यात आले. त्या पदावर असताना त्यांनी कृष्णवर्णीय मजुरांना वेठबिगारीत डांबणाऱ्या गोऱ्या शेतमालकांवर खटला भरला आणि केवळ गोऱ्यांच्या ज्यूरीकडून शिक्षाही मिळवली. ऑक्टोबर 1955 मध्ये सिनेटचे अधिवेशन चालू नसताना आयझेनहॉवर यांनी त्यांना माँटगोमेरीच्या न्यायासनावर तात्पुरते नेमले. अशी नेमणूक सिनेटने पुढे मान्य केली नाही तर संपुष्टात येते. जॉन्सन तेव्हा 37 वर्षांचेही झाले नव्हते. सिनेटने 31 जानेवारी 1956 रोजी त्यांना मंजुरी दिली आणि दुसऱ्याच दिवशी, 1 फेब्रुवारीला, माँटगोमेरीच्या बसगाड्यांतील वर्णभेदाविरुद्धचा दावा त्यांच्या न्यायालयात दाखल झाला.

रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय स्त्रीला 1 डिसेंबर 1955 रोजी बसमधील जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडण्यास नकार दिल्याबद्दल अटक झाली होती, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु या दाव्यात त्या वादी नव्हत्या. त्यांचा खटला राज्याच्या न्यायालयात अपिलात अडकला होता आणि तेथे तो किती काळ रेंगाळेल याचा भरवसा नव्हता. म्हणून तरुण वकील फ्रेड ग्रे यांनी अशाच अपमानाला सामोऱ्या गेलेल्या दुसऱ्या काही स्त्रियांच्या नावे फेडरल न्यायालयाचे दार ठोठावले. ऑरेलिया ब्राउडर आणि पंधराव्या वर्षी अटक झालेली क्लॉडेट कॉल्विन या त्यांपैकी दोघी. राज्याचा कायदाच घटनाबाह्य ठरवावा, अशी मागणी असल्यास त्या काळी एका न्यायाधीशाला निकाल देता येत नसे; तीन न्यायाधीशांचे पीठ बसे आणि त्याच्या निकालावरील अपील थेट सर्वोच्च न्यायालयात जाई. त्यामुळे जॉन्सन यांच्यासोबत अपील न्यायालयाचे रिचर्ड राइव्ह्‌ज आणि उत्तर अलाबामाचे सेबर्न लिन हे ज्येष्ठ न्यायाधीश बसले. अशा पीठात सर्वांत कनिष्ठ न्यायाधीशाने आपले मत आधी सांगावे, म्हणजे ज्येष्ठांच्या मताचे दडपण त्याच्यावर येत नाही, असा रिवाज आहे. जॉन्सन यांनी दोन वाक्यांत आपले मत दिले: सार्वजनिक ठिकाणी सक्तीने केलेली वर्णविभागणी घटनेत बसत नाही. राइव्ह्‌ज त्यांच्याशी सहमत झाले.

लिन सहमत झाले नाहीत, आणि त्यांचे म्हणणे केवळ पूर्वग्रह म्हणून झटकून टाकता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1896 साली रेल्वे डब्यांतील वर्णविभागणी वैध ठरवली होती. 1954 च्या प्रसिद्ध निकालाने शाळांमधील विभागणी रद्द केली, पण वाहतुकीबद्दल तो निकाल काही बोलला नव्हता. मग खालच्या न्यायालयाने वरच्या न्यायालयाच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधावा काय? राइव्ह्‌ज आणि जॉन्सन यांचे उत्तर असे होते की, जुन्या निकालाचा पायाच खचला असेल तर तो औपचारिकपणे मोडीत निघण्याची वाट पाहण्याची गरज नाही. जून 1956 मध्ये दोन विरुद्ध एक असा निकाल लागला, नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला आणि पार्क्स यांच्या अटकेनंतर कृष्णवर्णीयांनी बसगाड्यांवर घातलेला 381 दिवसांचा बहिष्कार डिसेंबरमध्ये संपला.

आता याच्या उलट एक प्रकरण पाहू, कारण त्याशिवाय जिल्हा न्यायाधीशाच्या मर्यादा कळणार नाहीत. टस्कीगी या गावात शिकल्यासवरलेल्या कृष्णवर्णीय मतदारांची संख्या वाढू लागली, तेव्हा अलाबामाच्या विधिमंडळाने 1957 साली गावाची हद्दच बदलली. जी हद्द सरळ चौकोनी होती ती 28 बाजूंची वेडीवाकडी आकृती झाली. सुमारे चारशे कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच वगळता सगळे गावाबाहेर गेले आणि गोरा मतदार एकही गेला नाही. नकाशाकडे एकदा पाहिले तरी हेतू उघड होता. तरीही जॉन्सन यांनी हा दावा फेटाळला, कारण राज्याने आखलेल्या राजकीय हद्दींमध्ये न्यायालयांनी पडू नये, असे सर्वोच्च न्यायालयाचे आधीचे निकाल सांगत होते. 1960 साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांचा निकाल फिरवला. बसच्या प्रकरणात जुना पायाच खचल्याची खात्री होती, येथे ती नव्हती. हा फरक पटेल किंवा पटणार नाही. माझ्या मते जॉन्सन येथे गरजेपेक्षा जास्त सावध राहिले. परंतु ज्याला आपण बंडखोर न्यायाधीश म्हणून ओळखतो, त्यानेही आपल्याला मनापासून पटेल तो निकाल नव्हे, तर कायद्याने बांधलेला निकाल देण्याची शिस्त पाळली होती, हे विसरता येत नाही.

वॉलेस यांच्याशी पहिली जाहीर गाठ पडली ती याच सुमारास. वॉलेस तेव्हा राज्याच्या न्यायालयात निवडून आलेले न्यायाधीश होते. मतदार नोंदणीतील भेदभावाची चौकशी करणाऱ्या फेडरल आयोगाने त्यांच्या अखत्यारीतील दोन काउंट्यांची नोंदणीपुस्तके मागितली आणि त्यांनी ती देण्यास जाहीर नकार दिला. पुस्तके द्या, नाहीतर न्यायालयाच्या अवमानाबद्दल शिक्षा भोगा, असा जॉन्सन यांचा हुकूम निघाला. जॉन्सन यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, वॉलेस एका रात्री उशिरा त्यांच्या घरी आले आणि थोड्या दिवसांची शिक्षा दिलीत तर राजकीयदृष्ट्या मला फायद्याची ठरेल, अशी गळ त्यांनी घातली. जॉन्सन यांनी सौदा नाकारला. तेव्हा वॉलेस यांनी ती पुस्तके आडमार्गाने, स्थानिक ज्यूरींच्या हाती सोपवून, आयोगापर्यंत पोहोचू दिली. आडवळणाने का होईना पण हुकूम पाळला गेला आहे, म्हणून अवमान झाला नाही, असे सांगून जॉन्सन यांनी जानेवारी 1959 मध्ये त्यांना निर्दोष सोडले. तुरुंगात गेलेला वीर होण्याची संधी हुकलेल्या वॉलेस यांनी मग फेडरल न्यायाधीशांना शिव्या घालतच 1962 ची गव्हर्नरपदाची निवडणूक जिंकली. मतांवर ज्याचे पद अवलंबून आहे असा न्यायाधीश आणि तसे नसलेला न्यायाधीश यांतला फरक यापेक्षा स्वच्छ दाखवणारा प्रसंग शोधून सापडणार नाही.

पुढे 7 मार्च 1965 रोजी सेल्मा गावाच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या मोर्चावर राज्य पोलिसांनी आणि स्थानिक शेरीफच्या घोडेस्वारांनी लाठ्या आणि अश्रुधुराने हल्ला केला. मोर्चेकऱ्यांचे वकील संरक्षण मागण्यासाठी जॉन्सन यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी लगेच परवानगी दिली नाही. उलट सुनावणी होईपर्यंत मोर्चा काढू नये असा तात्पुरता मनाई हुकूम काढला, आणि त्यामुळे मार्टिन ल्यूथर किंग यांना दोन दिवसांनी त्याच पुलावरून मोर्चा परत फिरवावा लागला. अनेकांना हे आजही खटकते. पण फेडरल न्यायाधीश दोन्ही बाजूंचा पुरावा ऐकल्याशिवाय राज्य सरकारविरुद्ध कायमचा आदेश काढू लागला, तर तो आदेश अपिलात टिकत नाही. चार-पाच दिवस सुनावणी चालली, हल्ल्याचे चित्रीकरण न्यायालयात दाखवण्यात आले, आणि 17 मार्चला निकाल आला.

त्या निकालातील विचार आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. महामार्ग हा वाहतुकीसाठी असतो हे खरे. पण ज्या अन्यायाविरुद्ध लोक दाद मागत आहेत तो जितका मोठा, तितकी रस्त्यावर उतरून निषेध करण्याच्या हक्काची व्याप्ती मोठी, असे जॉन्सन यांनी लिहिले. तत्त्व मांडून ते थांबले नाहीत. सेल्मा ते माँटगोमेरी हे 54 मैलांचे अंतर पाच दिवसांत कापायचे, जेथे रस्ता दोन पदरी आहे तेथे तीनशेपेक्षा जास्त माणसे चालणार नाहीत, अशा तपशिलासह मोर्चाचा आराखडा त्यांनी मंजूर केला. न्यायाधीशाकडे स्वतःचे पोलीस नसतात. वॉलेस यांनी संरक्षणाचा खर्च परवडत नसल्याचे सांगितल्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी राज्याचे नॅशनल गार्ड हे राखीव सैन्यदल आपल्या ताब्यात घेतले, आणि मोर्चा 25 मार्चला राजधानीत पोहोचला.

त्याच रात्री मोर्चेकऱ्यांना गाडीतून ने-आण करणाऱ्या व्हायोला लिउझो या डेट्रॉइटहून आलेल्या गोऱ्या स्त्रीचा कू क्लक्स क्लॅन या वर्णवर्चस्ववादी गुप्त संघटनेच्या लोकांनी गोळ्या घालून खून केला. दोन समांतर न्यायव्यवस्थांचा अर्थ येथे लख्ख दिसतो. खून हा राज्याचा गुन्हा. त्या आरोपाखाली राज्याच्या न्यायालयात उभा केलेला आरोपी निर्दोष सुटला. मग फेडरल सरकारने यादवी युद्धानंतरच्या काळातील एक जुना कायदा बाहेर काढला आणि नागरी हक्क हिरावण्याचा कट असा वेगळा आरोप ठेवून तिघांना जॉन्सन यांच्यापुढे आणले. ज्यूरी बारा गोऱ्या पुरुषांची होती. एकमत होत नाही, असे त्यांनी कळवल्यावर जॉन्सन यांनी त्यांना पुन्हा विचार करण्यासाठी आत पाठवले. डिसेंबर 1965 मध्ये तिघेही दोषी ठरले आणि त्यांना त्या कायद्यातील कमाल शिक्षा, दहा वर्षांची, सुनावण्यात आली.

या सगळ्याची किंमत पदाला नव्हे, तर घराला मोजावी लागली. पगाराला कोणी हात लावू शकत नव्हते, पण 1956 सालीच त्यांच्या अंगणात क्रूस जाळण्यात आला होता, आणि एप्रिल 1967 मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बाँबहल्ला झाला, बहुधा ते घर न्यायाधीशांचेच आहे या समजुतीने. आई सुखरूप बचावली. वर्षानुवर्षे फेडरल मार्शल त्यांच्या घरावर पहारा देत होते. घटनाकारांनी तहहयात पद दिले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे राजा आणि कायदेमंडळ यांचा दबाव होता. शेजाऱ्यांचा दबाव त्यांनी कितपत गृहीत धरला होता, कोण जाणे.

सत्तरच्या दशकात जॉन्सन यांच्या कामाचे स्वरूप बदलले. टस्कालूसा येथील ब्राइस मनोरुग्णालयात सुमारे पाच हजार रुग्ण होते आणि सिगारेटवरील कराचे उत्पन्न घटल्यामुळे 1970 साली तेथील कर्मचारी कमी करण्यात आले. त्यावरून सुरू झालेल्या दाव्यात जॉन्सन यांनी असा निर्णय दिला की, ज्या माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध उपचारासाठी म्हणून डांबले आहे, त्याला उपचार मिळालेच पाहिजेत. नाहीतर ती निव्वळ कैद होते. राज्याने सुधारणेचा ठोस आराखडा दिला नाही, तेव्हा 1972 साली त्यांनी किमान मानके स्वतः ठरवून दिली: दर आठ रुग्णांमागे एक शौचकूप, एका खोलीत सहापेक्षा जास्त रुग्ण नाहीत, नळाला येणारे गरम पाणी ठरावीक तापमानाचे. 1976 साली तुरुंगांबद्दलही त्यांनी असाच सविस्तर आदेश काढला.

न्यायाधीशाने शौचकुपे मोजावीत काय, हा आक्षेप तेव्हा जोरात घेतला गेला आणि तो गैर नव्हता. आपल्याकडे जनहित याचिकांमध्ये न्यायालये समित्या नेमतात आणि वर्षानुवर्षे अहवाल मागवत राहतात, तेव्हाही हाच प्रश्न उपस्थित होतो. तुरुंगांच्या प्रकरणात जॉन्सन यांनी नेमलेली देखरेख समिती अपील न्यायालयाने बरखास्त केली, म्हणजे वरच्या न्यायालयालाही ते अति वाटले. जॉन्सन यांचे म्हणणे साधे होते: राज्याने आपले काम केले असते तर मला ते करावे लागले नसते.

येथे आणखी एक गोष्ट नमूद केली नाही तर चित्र एकांगी राहील. जे तहहयात संरक्षण जॉन्सन यांना होते, तेच शेजारच्या मिसिसिपीतील विल्यम हॅरॉल्ड कॉक्स यांनाही होते. 1961 साली केनेडींनी नेमलेले हे न्यायाधीश भर न्यायालयात कृष्णवर्णीयांबद्दल हीन भाषा वापरत आणि नागरी हक्कांचे दावे रखडवत. त्यांना कोणीही हटवू शकले नाही. ही व्यवस्था न्यायाधीशाला मोकळे करते. मोकळा झाल्यावर तो काय करील, याची हमी ती देत नाही.

जॉन्सन यांची उरलेली कारकीर्द थोडक्यात सांगता येईल. 1977 साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना एफबीआयचे संचालक म्हणून निवडले, पण प्रकृतीमुळे त्यांना माघार घ्यावी लागली. 1979 मध्ये ते अपील न्यायालयात गेले. समलिंगी संबंधही ज्याखाली गुन्हा ठरत, त्या जॉर्जियाच्या कायद्यामुळे घटनेतील मूलभूत हक्कावर घाला येतो, असा निकाल त्यांनी 1985 साली तेथे लिहिला. सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी पाच विरुद्ध चार मतांनी तो फिरवला आणि 2003 मध्ये स्वतःचीच ती चूक दुरुस्त केली. 1991 साली त्यांनी ज्येष्ठ न्यायाधीशाचा दर्जा घेतला. ही सोय फेडरल व्यवस्थेचे वैशिष्ट्य आहे: ठरावीक वय आणि सेवा झालेला न्यायाधीश आपली जागा नव्या नेमणुकीसाठी मोकळी करतो, तरी वेतन चालू राहते आणि झेपेल तितके काम त्याला करता येते. जुलै 1999 मध्ये त्यांचे निधन झाले.

माँटगोमेरीतील त्यांची जिल्हा न्यायालयातील जागा 1980 साली मायरन थॉम्पसन यांना मिळाली. थॉम्पसन कृष्णवर्णीय आहेत आणि जन्माने त्याच टस्कीगीचे, ज्याची हद्द 28 बाजूंची करण्यात आली होती. फेडरल न्यायालयात खटला न्यायाधीशाच्या मालकीचा नसतो, न्यायालयाचा असतो. त्यामुळे मनोरुग्णालयाचा तो दावाही पुढे थॉम्पसन यांच्याकडे चालत राहिला आणि राज्याने मानके पूर्ण केल्याची खात्री पटल्यावर त्यांनी तो डिसेंबर 2003 मध्ये, दाखल झाल्यानंतर 33 वर्षांनी, निकाली काढला.